रिव्हर्सचा दिवा

नंदुरबारला करमसिंगच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिले दोन दिवस गाडी चालवूच देत नाहीत, अशी शिकायला येणाऱ्यांची तक्रार असते. गाडी जागची हलवायची नाही. नुसते दिवे लावायचे आणि विझवायचे. स्टिअरिंगच्या उजव्या हाताची दांडी एकदा पिळली की पार्किंगचे दिवे, दुसऱ्यांदा पिळली की हेडलाईट. तीच दांडी पुढे ढकलली की अप्पर, म्हणजे दूरवर जाणारा झगझगीत झोत, आणि काट्यांच्या शेजारी एक निळी खूण उजळते. दांडी आपल्याकडे ओढून सोडली की समोरच्याला नुसती झपक दिसते, तो डिप्पर. लाल त्रिकोणाचं बटण दाबलं की चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करतात. हे सगळं न बघता, नुसत्या बोटांनी जमलं पाहिजे. जमलं नाही तर तिसरा दिवसही त्यातच जातो.

"निळी खूण दिसतेय तोवर समोरचा माणूस आंधळा आहे, एवढं ध्यानात ठेवा," प्रिस्किला गावित प्रत्येकाला सांगते. ती तिथं गेली नऊ वर्षं शिकवते. लोक तिला लाईटवाल्या मॅडम म्हणतात. ती त्यावर चिडत नाही आणि हसतही नाही.

प्रिस्किला मूळची नवापूरकडच्या डोंगरातली. विसरवाडीहून आत गेलं की एक पाडा लागतो, तिथं तिचं घर. बाप दलपत लवकर गेला. आई मोगराबाईनं भात आणि तूर पिकवून, ऊसतोडीला जाऊन दोन पोरं वाढवली. मोठा दानियल आणि त्याच्या पाठची प्रिस्किला. दानियल टेम्पो चालवायचा, रविवारी चर्चमध्ये ढोल वाजवायचा, आणि बहिणीला बारावीच्या परीक्षेला चाळीस किलोमीटर मोटरसायकलवर घेऊन जायचा. पेपर सुटेपर्यंत तो शाळेबाहेर झाडाखाली झोपून राहायचा.

२०१३ चा नाताळ आठ दिवसांवर आला होता. दोघं विसरवाडीच्या बाजारातून परतत होती. मागच्या सीटवर प्रिस्किला, मांडीवर आईसाठी घेतलेलं लुगडं आणि चर्चला लावायच्या कागदी चांदण्यांची पिशवी. सात वाजायला आले होते आणि डिसेंबरचा अंधार पुरता पडला होता. पाड्याच्या अलीकडे नाल्यावर एक फरशी होती. सिमेंटचा बुटका पूल, बाजूला कठडा नाही, एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच रुंदी. जो आधी फरशीवर चढला त्याला जाऊ द्यायचं, ही तिथली रीत.

दानियल आधी चढला होता. अर्ध्यात पोहोचला तोच समोरच्या उतारावरून गाडी खाली आली. हेडलाईट अप्परवर आणि वर टपावर चार जादा दिवे. दानियलनं डिप्पर दिला. परत दिला. तिसऱ्यांदा देताना तो मागं वळून म्हणाला, "डोळे मिट." त्याला स्वतःला डोळे मिटणं शक्य नव्हतं. समोरचा दिवा काही खाली झाला नाही. पुढचं चाक फरशीची कड सोडून गेलं आणि गाडी दानियलला घेऊन खालच्या खडकांवर पडली. प्रिस्किला वरच, फरशीच्या कडेला फेकली गेली.

ती मोठी गाडी तिच्या अंगावरून जावी तशी शेजारून गेली. फरशी ओलांडून पलीकडच्या चढावर तीस पावलांवर थांबली. मागचे लाल दिवे लागले. नंबरप्लेटवरचा बारीक दिवा चालू होता, त्यात शेवटचे चार आकडे दिसले. मग लाल दिव्यांशेजारी एक पांढरा दिवा लागला. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग पांढरा गेला, लाल गेले आणि गाडी चढ चढून दिसेनाशी झाली.

प्रिस्किला आवाजाच्या रोखानं खाली उतरली. दानियल बोलत होता. पाणी मागत होता, आईचं लुगडं भिजलं का विचारत होता. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. पाड्यावरून माणसं आली, पण वाहन मिळायला दीड तास गेला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दानियल बोलायचा थांबला होता. डॉक्टर तरुण होते, त्यांना खरं न बोलण्याची सवय नसावी. "तासभर आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता," ते म्हणाले.

पोलीस चौकीवरचा हवालदार नवल भला माणूस होता. शेवटचे चार आकडे आणि टपावरचे चार दिवे एवढ्यावरून त्यानं आठ दिवसांत गाडी शोधली. शहाद्याकडचा भाईदास म्हणून बागायतदार होता. ऊस, केळी, दोन ट्रॅक्टर, आणि गुजरातेतल्या कामाहून आडरस्त्यानं परतण्याची सवय. त्याला चौकीवर बोलावलं. प्रिस्किला आणि मोगराबाई बाकावर बसल्या होत्या. पांढरे कपडे घातलेला पन्नाशीचा माणूस आत आला आणि त्यांच्याकडे न बघता खुर्चीवर बसला.

"मन्ही गाडीले ओरखडाबी नही," तो म्हणाला. "दखी ल्या. मी कोनले ठोकं नही. अंधार व्हता म्हनीन मी लाईट लावा. लाईट लावणं गुन्हा शे का?"

"तुम्ही थांबला होता," प्रिस्किला म्हणाली.

"मी कसाले थांबू? माले काही म्हाईतच नही. कोन पडनं, कव्हय पडनं, माले आज समजी ऱ्हायनं."

नवलनं गाडी पाहिली. खरोखरच ओरखडा नव्हता. तो प्रिस्किलाला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "पोरी, त्यानं शिवलंच नाही तर मी लावू काय? त्यातून तो थांबलाच नव्हता म्हणतो. तू एकटी साक्षीदार." कागदावर स्वयं अपघात असं लिहिलं गेलं. म्हणजे दानियल आपला आपण मेला.

मोगराबाईनं ते देवावर सोपवलं. पास्टर घरी येऊन क्षमेवर बोलले, तेव्हा तिनं मान हलवली. प्रिस्किलानं चहा केला, कप पुढे ठेवला आणि बाहेर जाऊन बसली. तिच्या मनात राग होता, पण तो अजून कुठं धरावा हे तिला कळत नव्हतं. माणसाला खरंच कळलं नसेल तर त्याच्यावर किती राग धरायचा, हा प्रश्न तिला छळायचा. लाल दिवे लागले ते चढ आला म्हणूनही असतील, असं ती स्वतःला समजावायची.

दोन वर्षांनी ती नंदुरबारला मावशीकडे राहायला आली आणि गाडी शिकायला करमसिंगकडे गेली. दानियलचा टेम्पो दारात गंजत पडला होता, तो चालवावा एवढाच विचार होता. करमसिंग तेव्हा पंचावन्नचा, धडगावकडचा, आयुष्यभर ट्रक चालवून थकलेला. त्यानं पहिल्याच दिवशी तिला गाडीच्या मागं उभं केलं आणि स्वतः आत बसला. "मी एकेक दिवा लावतो, तू ओरडून सांग कोणता लागला," तो म्हणाला.

"लाल," ती म्हणाली.

"हा ब्रेकचा. आता?"

पांढरा दिवा लागला. प्रिस्किला बोललीच नाही.

"लागला का नाही, सांग ना."

"हा कशाचा?" तिनं विचारलं.

"रिव्हर्सचा. गाडी मागं घ्यायचा गिअर टाकला की हा लागतो. एरवी कधीच लागत नाही."

"आपोआप नाही लागत?"

"कसा लागेल? मी हातानं गिअर टाकला म्हणून लागला."

प्रिस्किला गाडीमागं, मातीत खाली बसली. करमसिंगला वाटलं चक्कर आली. तो पाणी घेऊन आला, तेव्हा ती नुसती म्हणाली, "त्यानं गिअर टाकला होता. आणि परत काढला."

त्या दिवशी तिचा प्रश्न मिटला. भाईदासला कळलं होतं. त्यानं मागं यायचं ठरवलं होतं, हात गिअरवर नेला होता, आणि मग आपल्याच हातानं तो गिअर काढून दानियलला खडकावर ठेवून निघून गेला होता. चौकीवर खोटं बोलला होता. ती लगेच नवलकडे गेली. नवलनं सगळं ऐकलं, फाईलही काढली. "दोन वर्षांपूर्वीचा दिवा कोर्टात कसा दाखवू?" तो म्हणाला, आणि त्याचंही बरोबर होतं.

तेव्हापासून तिनं त्या माणसाला मनात धरला. टेम्पो विकला, स्कूलमध्येच राहिली, आधी बायकांना आणि मग सगळ्यांनाच शिकवू लागली. दोन स्थळं आली, ती परतवली. गाडीचा प्रत्येक दिवा, प्रत्येक बटण तिनं पाठ केलं. दर काही महिन्यांनी शहाद्याकडे कोणाला सराव द्यायचा असला तर ती भाईदासच्या गावावरून गाडी न्यायची. त्याची गाडी अंगणात दिसायची, पुढं नवी गाडी आली, तिच्यावरही जादा दिवे आले. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की हा माणूस तिच्या हाती लागायला हवा, आणि लागेपर्यंत आपण विसरता कामा नये. करमसिंग एकदा म्हणाला, "पोरी, नऊ वर्षं कोणी एकाच माणसाकडे बघत राहतं का?" ती म्हणाली, "मला दुसरं काही बघायचं नाही."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर भाईदास आपण होऊन तिच्या दारात आला.

झालं असं, की त्याच्या दिव्यांनी एका सहलीच्या बसच्या ड्रायव्हरचे डोळे दिपले आणि बस शेतात उतरली. कोणाला लागलं नाही, पण बसच्या काचेवर कॅमेरा होता. त्यात दिवेही आले आणि नंबरही आला. भाईदासचं लायसन रोखलं गेलं. परत हवं असेल तर उजळणीचं प्रशिक्षण घेऊन, शिकवणाऱ्याच्या सहीचा दाखला आणायचा होता. करमसिंगची स्कूल सोयीची पडत होती म्हणून तो तिथं आला. आता साठी ओलांडलेला, केस रंगवलेले, अंगावर तेच पांढरे कपडे. प्रिस्किलाला त्यानं ओळखलं नाही. तिच्याकडे त्यानं पूर्वीही कधी पाहिलं नव्हतं.

करमसिंगनं नाव वाचलं आणि प्रिस्किलाकडे पाहिलं. "याला मी शिकवतो," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आलेत, मीच शिकवीन."

पहिल्या दिवशी तिनं भाईदासला इतरांसारखंच दांडी पिळायला लावलं.

"ताई, मी तीस वरीस व्हयनात गाडी चालाडी ऱ्हायनू," तो म्हणाला. "लाईट लावाले माले कोन शिकाडस? तू सही कर, मी जास."

"अप्पर लावा," ती म्हणाली. "आता खाली करा. परत लावा. खाली करा."

त्याच्याकडून तिनं ते तासभर करून घेतलं. शेजारच्या गाडीतल्या दोन कॉलेजच्या मुली हसत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याला घाम फुटला होता आणि तो मुकाट्यानं सांगेल ते करत होता. प्रिस्किला आवाज चढवत नव्हती, त्यामुळे त्याला भांडायला जागा मिळत नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावरचा सराव होता. गाडीत बसण्याआधी तिनं त्याचा मोबाईल घेऊन डिकीत ठेवला. सरावात मोबाईल जवळ ठेवायचा नाही, हा स्कूलचा नियमच होता. तिनं त्याला विसरवाडीच्या पुढे नेलं. नाल्यावर आता उंच नवा पूल झाला आहे. जुनी फरशी खाली तशीच पडून आहे, तिचं पलीकडचं टोक पुरात वाहून गेलंय. प्रिस्किलानं त्याला गाडी खाली फरशीच्या तोंडाशी घ्यायला लावली.

"आठे कसाले?" त्यानं विचारलं.

"बाहेरचे दिवे तपासायला मोकळी जागा लागते. एकानं समोर उभं राहून बघायचं, दुसऱ्यानं लावायचे. तुम्ही पुढं जाऊन उभे राहा."

तो उतरून फरशीवर पंधरावीस पावलं चालत गेला. ती ड्रायव्हरच्या जागी सरकली. पार्किंग लावले, तो म्हणाला लागले. हेडलाईट लावले, तो म्हणाला लागले. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. मग तिनं गाडी फरशीच्या तोंडात आणली, म्हणजे बाजूनं जायला वाट उरली नाही, आणि दांडी पुढं ढकलली.

त्यानं डोळ्यांवर हात घेतला. "लागनं, लागनं. खाल कर."

तिनं खाली केलं नाही.

"ताई, डिप्पर दे. माले काहीच दिखत नही."

"तुमच्या डाव्या हाताला कड आहे," ती काचेतून म्हणाली. "उजव्या हातालाही आहे. मागं पूल तुटलाय. खाली खडक आहेत. हलू नका."

तो काही क्षण उभा राहिला. मग तो हळूहळू गुडघ्यांवर आला, दोन्ही हातांनी सिमेंट चाचपत. साठी ओलांडलेला बागायतदार प्रकाशात चार पायांवर रांगत होता. हे बघताना प्रिस्किलाला बरं वाटत होतं, आणि ते ती कोणापासून लपवत नाही.

"इथं माझा भाऊ पडला," ती म्हणाली. "दानियल. चौकीवर तुम्ही म्हणाला होता, काही माहीत नाही."

तो रांगायचा थांबला.

"तुम्ही रिव्हर्स टाकला होता. मी पांढरा दिवा पाहिला. मग का काढला?"

"माले जाऊ दे, ताई."

"का काढला?"

"भेव वाटना," तो शेवटी म्हणाला. "पाडावरना लोके येतीन, मारतीन."

"अजून काय?"

तिनं गाडी वीतभर पुढं घेतली.

"गाडी नवी व्हती," तो म्हणाला. "आठ दिनन्ही. मांगे रगत लागतं."

नऊ वर्षं तिनं या उत्तराची वाट पाहिली होती. त्यात कुठंतरी माणुसकीचा तुकडा निघेल, घरी कोणी आजारी होतं, डोकं चालेनासं झालं, असं काहीतरी असेल, अशी तिला आतून भीती होती. कारण तसं निघालं असतं तर तिला राग सोडावा लागला असता. सीटला रक्त लागेल म्हणून, एवढंच निघालं.

तिनं गाडीतलं घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. "आम्हाला इथं दीड तास वाहन मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हीही बसा."

आणि तिनं त्याला दीड तास बसवला, डोळ्यांत अप्पर सोडून. तो रडला, शिव्या दिल्या, मुलाबाळांची शपथ घातली, मग गप्प झाला. एकदा उठून गाडीकडे यायला लागला, पण प्रकाशात त्याला कड कळेना, तोल गेला आणि एक पाय बाहेर लटकला. तो पालथा पडून सिमेंटला धरून राहिला. ती उतरली नाही. आठ चाळीसला तिनं दांडी मागं ओढली, गाडी मागं घेतली आणि दार उघडं ठेवलं. येताना तो मागच्या सीटवर बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्म भरला. शेऱ्याच्या जागी लिहिलं: समोरच्यासाठी दिवा खाली करत नाही. गाडी देण्यास अयोग्य. सही केली, शिक्का मारला.

भाईदासनं तक्रार केली नाही. करायची तर फरशीवर काय विचारलं आणि आपण काय बोललो, तेही सांगावं लागलं असतं. आठवड्यानं त्याचा मुलगा ललित आला. तिशीचा, नोकरदार, अदबीनं बोलणारा. "मॅडम, पप्पांचं काही चुकलं असेल तर मी माफी मागतो," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठं जायला ते तयार नाहीत. गाडीचं नाव काढलं की उठून जातात. तुम्ही सही केली तर कदाचित..."

"त्यांना पाठवा," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्या दिवसापासून."

ललितनं पुन्हा विचारलं, नेमकं काय झालं. तिनं त्याला सगळं सांगितलं, २०१३ च्या डिसेंबरपासून नव्या सीटपर्यंत. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि फॉर्म न घेताच निघून गेला. बापलेकात पुढं काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. भाईदास परत आला नाही, त्याचं लायसनही परत आलं नाही.

करमसिंगला तिनं स्वतःच सांगितलं. त्यानं विचारलं, "मोबाईल होता ना तुझ्याकडे? त्याचं बोलणं रेकॉर्ड का नाही केलंस? नवलला देता आलं असतं."

"ते कोर्टासाठी नव्हतं," ती म्हणाली.

करमसिंगनं विडी विझवली. मग म्हणाला, "उद्यापासून संध्याकाळची गाडी मी नेईन. तू दिवसाचीच शिकव." नऊ वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हटलं होतं. तिनं किल्ली टेबलावर ठेवली. ते तिला लागलं, पण चुकीचं वाटलं नाही.

आईला सांगायला मात्र ती नाताळपर्यंत थांबली. मोगराबाई आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. चुलीपुढं बसून, घरच्या बोलीत, प्रिस्किलानं सगळं सांगितलं. शेवटी म्हातारीनं एकच विचारलं, "त्याचा पाय निसटला, तेव्हा तो खाली गेला असता तर तू उतरली असतीस का?"

"नाही," प्रिस्किला म्हणाली.

मोगराबाई उठली आणि तिनं भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती लेकीच्या शेजारी बसली खरी, पण प्रार्थनेच्या वेळी तिनं तिचा हात धरला नाही. अजून धरत नाही.

मंगळवारी दुपारी प्रिस्किलाला तास नसतो. त्या दिवशी भाईदास दवाखान्याच्या कामानं नंदुरबारला येतो आणि शहाद्याच्या एसटीनं परत जातो. दारात गाडी उभी असते, मुलगा ड्रायव्हर ठेवायला तयार आहे, पण त्याला आता गाडीतच बसवत नाही, त्यातून पुढून दिवे आले तर मुळीच नाही, म्हणतात. म्हणून तो उजेड आहे तोवरच एसटीनं घरी पोहोचतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात एक टेबल बाहेर असतं. प्रिस्किला तिथं चहा घेते. तो पिशवी सांभाळत फलाटावर उभा असतो, धक्के खातो, खिडकीसाठी धडपडतो. एकदा त्यानं तिला पाहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खांबाच्या आड सरकला.

ती एसटी निघेपर्यंत बसली. मग पाच वाजताच्या, उजेडातल्या तासाला गेली. नवीन तीन बायका आल्या होत्या, दोघींनी कधी गाडीचं दारही उघडलं नव्हतं. तिनं त्यांना आत बसवलं आणि उजव्या हाताची दांडी दाखवली.